सूर लावणारी

म्टोम्बेनी गावात मर्तिक असो, लग्न असो की शाळेची सभा, पहिला सूर नोवांदिलेचा. तिचा आवाज फार गोड होता असे नाही, पण तो डगमगत नसे. तिने स्तोत्राची पहिली ओळ उचलली की बायका आपोआप आपापल्या पट्टीत शिरत, पुरुष खालचा स्वर धरत, आणि ज्याला कुठलाच स्वर सापडत नसे तो नुसता डुलत राही. गुरुवारी दुपारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थना असे. तिथे लाल पोलके आणि पांढरी टोपी घालून ती पुढच्या बाकावर बसे. पाद्री उशिरा आले तर चालून जाई. ती उशिरा आली तर बायका दाराकडे बघत ताटकळत.

नोवांदिले हे तिचे सासरचे नाव, लग्नात सासूने ठेवलेले. माहेरच्या नावाने हाक मारणारे आता कुणी उरले नव्हते. बरोबरीच्या बायका तिला बापाच्या कुळावरून माम्पिंगा म्हणत, आणि सासरची माणसे नुसते मकोटी, म्हणजे सूनबाई. केसांत पांढरे दिसू लागले तरी वडीलधाऱ्यांसमोर ती खांद्यावर शाल घेतल्याशिवाय उभी राहत नसे. थोरल्या दिराचे नाव तर तिच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. ती त्यांना मोठे भावजी म्हणे. गाव त्यांना कुळाच्या नावाने भेले म्हणे, आणि शाळेच्या पालक समितीचे ते अध्यक्ष होते.

सूर लावण्याचे आणखी एक काम होते. ते सगळ्यांना ठाऊक होते, बोलून मात्र कुणी दाखवत नसे. सभेत एखादा माणूस भरकटला, किंवा बोलू नये ते बोलू लागला, तर त्याला ‘खाली बस’ म्हणायचे नाही. तो अपमान झाला. बायकांतून कुणीतरी स्तोत्र सुरू करायचे. मग सगळे उठून उभे राहतात, गातात, टाळ्या देतात, आणि गाणे संपेपर्यंत त्या माणसाचे बोलणे विरून गेलेले असते. देवाच्या नावावर कोण आवाज चढवणार? मर्तिकाला पिऊन आलेले मेहुणे, मते मागायला आलेले पुढारी, भावकीची भांडणे उकरणाऱ्या आत्या, अशा कितीतरी जणांना नोवांदिलेने गाऊन खाली बसवले होते. चुलीवरचे दूध उतू जाताना खाली उतरवावे, तसे ती ते करी. त्यात वाईट वाटण्यासारखे काही आहे असे तिच्या मनातही आले नव्हते.

तिचा नवरा केपटाऊनला एका इमारतीच्या फाटकावर पहाऱ्याला होता. नाताळाला येई, पावसाळी गवत वाढायच्या आत परत जाई. ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांसाठी भरडलेला मका आणि घेवडा शिजवी. स्वयंपाकघर म्हणजे नववीच्या वर्गाला टेकून उभी केलेली पत्र्याची खोली. पत्र्यापलीकडचे गणित तिला दिवसभर ऐकू येई. ती स्वतः गणितातच नापास होऊन शाळेतून बाहेर पडलेली, त्यामुळे त्यातले तिला ओ की ठो कळत नसे. पण शिकवणारे मास्तर ग्वाटिझो एक शब्द सारखा वापरीत, तो तिला कळे. ‘का?’ मुलाने उत्तर दिले की ते विचारीत, ‘का?’ मग वर्ग गप्प. आणि त्या गप्प वर्गातून एकच आवाज उठे, तिच्या योंडेलाचा. मुलगी कारण सांगू लागली की पातेले ढवळणारा नोवांदिलेचा हात थांबे, आणि मका तळाला लागे.

ग्वाटिझो झिम्बाब्वेचे. त्यांना गावची भाषा येत नव्हती, नोकरी हंगामी होती, आणि शनिवारीही वर्ग घेत म्हणून पोरे त्यांच्या नावाने बोटे मोडत. योंडेलाला मात्र शनिवार उजाडायची घाई असे. तिला औषधशास्त्र शिकायचे होते. दवाखान्यात आजीबरोबर पहाटेपासून रांगेत उभी राहून ती मोठी झाली. ज्या खिडकीतून गोळ्या मिळतात त्या खिडकीच्या आत कोण बसतो, हे तिने लहानपणीच चौकशी करून ठेवले होते. मास्तरांनी तिला स्पष्ट सांगितले होते, ‘त्या खिडकीच्या आत जायचं तर दहावीला खरं गणित घ्यावं लागेल. दुसरं चालणार नाही.’

दुसरे म्हणजे सोपे गणित. टेलिफोनचे बिल वाचणे, नकाशावरचे अंतर काढणे, भिंतीला रंग किती लागेल ते सांगणे. सरकारने ते खऱ्याला पर्याय म्हणून ठेवलेले होते, दहावीला दोन्हीपैकी एक घ्यायचे. गावात त्याला ‘दुकानाचं गणित’ म्हणत. नदीपलीकडच्या शाळेने खरे गणित बंदच करून टाकले, सगळ्या पोरांना दुकानाचे दिले, आणि बारावीचा निकाल असा काही वर चढला की शाळेला जिल्ह्याकडून ढाल मिळाली. ते पाहून म्टोम्बेनीचे मुख्याध्यापक माबांडला यांनी पालकांची सभा बोलावली. पुढच्या वर्षीपासून आपणही तेच करायचे का, एवढाच विषय.

सभेच्या आदल्या दिवशी नळावर बायका जमल्या होत्या. फुमेझा गावात दुकान चालवी. समोरून साबण आणि मेणबत्त्या, मागच्या दाराने बिअर. ती म्हणाली, “दुकानाचं गणित शिकायचंय तर माझ्या दुकानात पाठवा की पोरांना. मी उधारीसकट शिकवीन. बारा वर्षं शाळेत कशाला घालवायची?”

“तू उद्या बोल,” कुणीतरी म्हणाले.

“मी बोलले तर म्हणतील, दारू विकणारी आता शाळा चालवणार. माम्पिंगा बोलेल. ती समितीत आहे, तिची पोरगी पहिली येते.”

“मोठे भावजी खुर्चीत असणार गं,” नोवांदिले म्हणाली.

“असू देत की. शाली दोन घे हवं तर. वाक्य एकच बोल, पण बोल.”

वाक्य तिने रात्रीच ठरवले. ‘माझ्या मुलीला खरं गणित शिकायचं आहे, वर्ग बंद करू नका.’ सकाळी चूल पेटवताना ते पुटपुटली, चर्चला जाताना पुटपुटली. योंडेलाने विचारले, “काय म्हणतेस?” तर म्हणाली, “कळेल तुला.”

सभा रविवारी चर्च सुटल्यावर शाळेत झाली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, फळ्याखाली खुर्चीत मोठे भावजी आणि शेजारी मुख्याध्यापक. योंडेला आणि तिच्या मैत्रिणी बाहेर चहाचे पेले विसळत होत्या. ग्वाटिझो दाराजवळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती आणि त्यांनी मागितली नव्हती.

आधी म्हातारा सोन्वाबे उठला. नातवंडे त्याच्याच घरी वाढत होती. “माझ्या नातवाचं उत्तर बरोबर आलं तरी हा मास्तर गुण कापतो. म्हणतो, पायऱ्या दाखव. आता मी बाजारात बैल विकला, पैसे घेऊन घरी आलो. बायको विचारते का, कुठल्या रस्त्यानं आलास?”

“विचारत असणार,” फुमेझा बसल्याजागी म्हणाली, “कारण रस्ता माझ्या दुकानावरून गेलेला असतो.”

सभा हसली. सोन्वाबेही हसला, पण मुद्दा त्याने सोडला नाही. “शाळेनं उत्तर सांगावं. कारणं आम्हीच शोधायची तर शाळा कशाला?”

एक बाप म्हणाला, “सरकारनं पोरांना आकडेमोडीची यंत्रं दिलीत. हा ती कपाटात कुलूप घालून ठेवतो. आधी हातानं करा म्हणे.”

“आणि आपली भाषा बोलत नाही,” मागून कुणीतरी म्हणाले.

“गणिताला कसली भाषा?”

“मग त्यानं गप्प राहून शिकवावं.”

पुन्हा हशा. ग्वाटिझोंना शब्द कळत नसले तरी हसू कुणावर आहे ते कळत होते.

मग मोठे भावजी बोलले. ते हळू बोलत, म्हणून लोक ऐकत. “माझा आयाबुलेला तुम्ही सगळे रोज बघता. कुठे बघता, तेही सांगायला नको. चांगला पोरगा होता. बाकी सगळ्या विषयांत पास. एका गणितानं त्याला दोनदा बारावीत पाडलं. तिसऱ्यांदा तो बसला नाही. त्या दिवसापासून तो दुकानाच्या पायरीवर बसलाय. मी त्याला मारून पाहिलं, देवापुढे नेऊन पाहिलं. मला असा विषय नको, जो माझ्या घरात शिरतो आणि मुलगा घेऊन जातो. बारावीचा कागद पोराच्या हातात पडला पाहिजे. त्यापुढचं देव बघेल.”

कुणी हसले नाही. फुमेझाने खाली पाहिले. पायरी तिच्याच दुकानाची होती.

या माणसासमोर आता उभे राहायचे होते. नोवांदिलेने शाल सारखी केली. वाक्य तोंडात होते. ती उठणार, तेवढ्यात भिंतीजवळून ग्वाटिझो बोलू लागले. इंग्रजीत, आणि घाईने. माबांडला त्याचे भाषांतर करीत होते, पण अर्धेच.

“पोरं दहावीत येतात तेव्हा त्यांना अपूर्णांक येत नाहीत,” मास्तर म्हणाले. “दोष खालच्या वर्गांचा आहे, आणि तुम्ही शिक्षा वरच्या वर्गाला देताय. ढाल मिळेल तुम्हाला. पण ती ढाल घेऊन पोरगं विद्यापीठाच्या फाटकाशी गेलं तर पहारेकरी विचारेल, गणित कुठाय? तुमच्या मुख्याध्यापकांना हे ठाऊक आहे. त्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात आणि कुठलं गणित शिकतात, ते त्यांनाच विचारा.”

माबांडला भाषांतर करायचे थांबले. गरज उरली नव्हती. तेवढे इंग्रजी सभेला येत होते. पुरुषांच्या बाजूने गुरगुर उठली. कुणीतरी ‘पाहुण्यानं घरातली उठाठेव करू नये’ असे काही बोलले. दोघेतिघे उठून उभे राहिले. मोठे भावजी जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त बायकांच्या बाकाकडे मान वळवली आणि अगदी मऊ आवाजात म्हटले, “मकोटी.”

आणि नोवांदिलेने सूर लावला.

तिने विचार केला नाही. इतकी वर्षे त्या एका शब्दावर जसा गळा उघडत आला, तसाच तो उघडला. आधीच उठायला निघालेली होती, म्हणून आवाज नेहमीपेक्षाही मोकळा लागला. दुसऱ्या ओळीला सगळी खोली उभी होती. टाळ्या पडू लागल्या. ग्वाटिझो काही वेळ बोलत राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग तेही थांबले आणि टोपी काढून हातात धरून उभे राहिले, कारण देवाचे गाणे चालू होते. तिसऱ्या कडव्यात नोवांदिलेला आपले वाक्य आठवले.

स्तोत्रामागून प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर तिथे कुणी विषय उकरून काढीत नाही, आणि हातही मोजत नाहीत. “कुणाचा काही शब्द राहिला आहे का?” असे मोठ्या भावजींनी विचारले. कुणी बोलले नाही. न बोलणे म्हणजे होकार. चहा आला.

दारातून बाहेर पडताना फुमेझा तिच्या कानाशी म्हणाली, “छान गायलीस हो, माम्पिंगा.”

घरी योंडेला भांडी लावत होती. पाठ फिरवूनच तिने विचारले, “मास्तर बोलत होते ना?”

“हो.”

“मला बाहेर ऐकू येत होतं. मग तुझा आवाज आला.”

“भावजींनी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

काय सांगितले होते? नुसते ‘मकोटी’ म्हटले होते. नोवांदिलेने मका निवडायला घेतला.

वर्ष संपले तशी ग्वाटिझोंची नेमणूक संपली, आणि नवी झाली नाही. जाण्यापूर्वी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. तिने चहा दिला. ते उभ्यानेच प्याले. “मुलीला उम्टाटा शहरातल्या शाळेत घाला,” ते सावकाश, सोप्या इंग्रजीत म्हणाले, “इथे ती फुकट जाईल.” मग पेला ठेवताना म्हणाले, “तुमचा आवाज फार चांगला आहे, आई.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरे वाटले असते.

उम्टाटाला तिची धाकटी बहीण होती. दोघी मिळून तिथल्या शाळांचे उंबरे झिजवून आल्या. सगळीकडे एकच उत्तर, जागा कधीच भरल्या. नाताळाला नवरा आला तेव्हा तिने त्याच्यापाशी विषय काढला. तो जेवत होता. म्हणाला, “दादा बोलून चुकलाय ना? मग मी काय त्याच्यावर बोलू? आणि पोरगी इथे पहिली येतेय, तिथे शेवटची येईल. दगडापेक्षा वीट मऊ.” मोठ्या भावजींचेही म्हणणे तेच होते. तिच्या आवाजाचे त्यांनी त्या वर्षी दोनदा कौतुक केले.

योंडेलाने तीन वर्षे टेलिफोनची बिले वाचली. वर्गात आता कुणी ‘का’ विचारीत नव्हते. पत्र्यापलीकडून नुसता पानांचा आणि बाक सरकल्याचा आवाज येई, आणि मका कधी तळाला लागत नसे. मुलगी चिडली नाही, रडली नाही. घरात बोलायचे तेवढे बोले. गुरुवारी आई लाल पोलके चढवू लागली की पाणी आणायला निघून जाई. बारावीच्या वर्षी ती शहरात जाऊन संगणकाच्या दुकानातून विद्यापीठाला अर्ज करू पाहत होती. गणिताच्या रकान्यात दुकानाचे गणित लिहिले की अर्ज पुढेच सरकत नाही, असे तिने परत आल्यावर सांगितले. पावसाची बातमी सांगावी तसे सांगितले. पुन्हा खऱ्या गणिताला बसता येते म्हणतात, पण ते शिकवणार कोण, आणि कुठे?

जानेवारीत निकाल लागला. म्टोम्बेनीचे एकही मूल नापास नव्हते. शाळेपुढे पांढरा मंडप उभा राहिला, बैल कापला, आल्याची बिअर पिंपांतून निघाली. नोवांदिले पहाटेपासून तीन पायांच्या हंड्यांशी होती. नदीपलीकडच्या शाळेची माणसे आली होती, आणि आणखी दोन गावांची. ती दोन गावेही आता म्टोम्बेनीचा कित्ता गिरवणार होती, असे माबांडलांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले. मग योंडेलाचे नाव पुकारले. गणितात चौऱ्याण्णव. मोठ्या भावजींनी स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यांवर मानाची नवी घोंगडी घातली. त्यांचे डोळे भरले होते. मंडपाच्या खांबाला टेकून आयाबुलेलाही टाळ्या वाजवत होता. त्याचे नुकतेच लग्न लावून दिले होते, सुधारेल म्हणून.

“आज हिची आई दोन शब्द बोलेल,” मोठे भावजी म्हणाले. “आमची मकोटी. बोलायची सवय नाही तिला, गायची आहे. पण आज बोल.”

नोवांदिले हात पुसत आली. शाल हंड्यांपाशीच राहिली होती. ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला तेव्हा तिने आधी मुलीकडे पाहिले. योंडेला खुर्चीत ताठ बसून पायांकडे बघत होती.

“भावजी, तुम्ही माझ्या मुलीला घोंगडी घातलीत, देव तुमचं भलं करो,” ती म्हणाली. मंडपातून ‘आमेन’ आले. “पण या चौऱ्याण्णवांनी तिच्यासाठी एक दार उघडलं नाही. विद्यापीठ अर्जसुद्धा घेत नाही. आपण पोरांना कागद दिला आणि रस्ता काढून घेतला. मास्तर खरं बोलत होते. त्या दिवशी मी त्यांना गाऊन…”

मंडप चुळबुळला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. माबांडलांनी घड्याळ बघितले. मोठे भावजी रागावले नव्हते. त्यांचा चेहरा दुखावलेल्या म्हाताऱ्या माणसाचा होता. त्यांनी मान वळवली. ती मान वळताच नोवांदिलेला पुढचे सगळे कळले. पण ती मान तिच्याकडे वळली नव्हती. बायकांच्या बाकावर टोकाला आयाबुलेलाची नवी बायको बसली होती, खांद्यावर नवी कोरी शाल, नजर जमिनीवर.

“मकोटी,” ते मऊ आवाजात म्हणाले.

पोरीचा आवाज पातळ होता, पण सूर बरोबर लागला. दुसऱ्या ओळीला मंडप उभा राहिला. सोन्वाबे काठीवर रेलून उठला, माबांडला उठले, पाहुणे उठले. फुमेझाने ओठ घट्ट मिटून धरले होते, पण कडवे अर्धे होईस्तो तिचीही टाळी पडू लागली. नोवांदिलेच्या हातात ध्वनिक्षेपक तसाच होता. ‘…खाली बसवलं’ एवढे दोनच शब्द तिचे उरले होते. ते ती बोललीही असेल. कुणाला ऐकू गेले नाहीत. नवी सून वरच्या पट्टीत अडखळली, गाणे क्षणभर लंगडले, आणि नोवांदिलेच्या गळ्याने आपोआप खालून आधार दिला. ध्वनिक्षेपकातून तिचा आवाज मंडपभर झाला. गाणे सावरले. लोकांनी माना डोलावल्या.

योंडेला तेवढी बसून होती. आईचा आवाज आला तेव्हा तिने मान वर केली, एकदा नीट पाहिले, आणि खांद्यावरची घोंगडी काढून घडी करून खुर्चीवर ठेवली. मग ती उभ्या राहिलेल्या माणसांच्या मधून वाट काढत बाहेर गेली. हंड्यांपाशी कुणी नव्हते आणि मांस तळाला लागल्याचा वास येत होता. तिने आईची शाल बाजूला सारली, पळी उचलली आणि ढवळू लागली.